शेवटचा थांबा नसलेली गाडी

आजोबांनी आयुष्यभर शहराची बस चालवली होती, पण एकुलत्या एका नातीला प्राणीबागेत न्यायची परवानगी मिळवताना त्यांच्या नाकी नऊ आले. सूनबाई नर्स, रविवारीही ड्युटीवर. मागे एकदा दूध गॅसवर ठेवून आजोबा फिरायला निघून गेले होते, ते जळकं पातेलं ती अजून विसरली नव्हती. "जा, पण हात सोडायचा नाही," तिने दोघांनाही बजावलं. आजोबांना ते लागलं. आज काही गडबड झाली तर पोर पुन्हा आपल्या हवाली होणार नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

नातीला घरात भिंगरी म्हणत, आणि ते खोटं नव्हतं. माकडं, मोर, झुकझुक गाडीतली एक चक्कर, सगळं तिने धावतच उरकलं.

घोळ झाला तो पाणघोड्याच्या तळ्यापाशी. बागेचा एक ड्रायव्हर बॅटरीवरची गाडी शेडमध्ये मागे घेत होता आणि दर वेळी खांबाला भिडत होता. आजोबांना ते बघवेना. "येऊ द्या, येऊ द्या... डावीकडे मारा... अजून येऊ द्या... बस्स!" गाडीच्या पाठीवर दोन थापा मारून ते छाती फुगवून वळले, तर भिंगरी गायब.

त्यांच्या पायाखालची जमीन सरकली. हाका मारून मारून घसा बसला. आइस्क्रीमवाल्याला विचारलं, रखवालदाराला विचारलं. पाणघोड्याने नेमकी जांभई दिली, तर म्हाताऱ्याने त्याच्या जबड्यातही डोकावून पाहिलं. झुकझुक गाडी शिट्ट्या मारत पुन्हापुन्हा जवळून जात होती, तिचाही त्यांना राग आला. शेवटी त्यांनी सूनबाईला फोन लावला.

"पोर हरवली, सूनबाई. एकाची गाडी मागे घेऊन देत होतो. चूक माझीच."

पलीकडून ती म्हणाली, "बाबा, हरवलं तर काय करायचं, हे तुम्हीच शिकवलंय ना तिला?"

शिकवलं होतं! ड्रायव्हरच्या घरातला जुना नियम, तिच्या बापाकडूनही घोकून घेतलेला. चुकामूक झाली तर रस्त्यावर भटकायचं नाही. गाडीत बसून राहायचं, शेवटच्या थांब्यावर मी येतो.

शिट्टी वाजली. आजोबा फोन कानाला तसाच धरून धावले. शेवटच्या डब्यात भिंगरी हाताची घडी घालून बसली होती, डोळे डबडबलेले, पण जागची हललेली नाही.

"आजोबा, या गाडीला शेवटचा थांबाच नाही! मी कधीची फिरतेय!"

"अगं, तुला कोणी हटकलं नाही?"

"हटकलं ना. मी सांगितलं, माझे आजोबा ड्रायव्हर आहेत."

आजोबांनी तिला उचलून घट्ट छातीशी धरलं. त्यांचा जीव भांड्यात पडला. फोनवर सूनबाई हसतेय की रडतेय, ते कळेना.

"सूनबाई, आता पुन्हा काही मी..."

"माझं ती एक ऐकत नाही, बाबा. तुमचं ऐकते," सूनबाई नाक ओढत म्हणाली. "पुढच्या रविवारी तिला मत्स्यालय दाखवा. फक्त तेवढं कोणाची गाडी मागे घ्यायला जाऊ नका."