त्याच दिवसापुरती मुभा

खालच्या काचेच्या दुकानाच्या विधुर मालकांनी, काचवाल्यांनी, ताईला स्वतःशी लग्नाचं विचारलं होतं, आणि उत्तर आज दुकान बंद व्हायच्या आत हवं होतं. उद्या ते आपल्या लेकीच्या गावी कायमचे निघणार होते. शिंप्यांच्या शर्टांना घरी काजं करणारी ताई सकाळपासून एकाच शर्टावर अडली होती.

अडचण साठी उलटलेल्या वयाची नव्हती. लोक दोन दिवस हसले असते, मग त्यांना हसायला दुसरं कुणी सापडलं असतं. अडचण नवसाची होती. तरुणपणी बाबा तापाने बेशुद्ध पडले, तेव्हा उशाशी बसून ती म्हणाली होती, "देवा, यांना वाचव, मी लग्न करणार नाही." बाबा वाचले.

पवित्र शास्त्राने, म्हणजे तिच्या रोजच्या वाचनातल्या बायबलने, तिला कमी का छळलं! एकीकडे नवस केलास तर फेड, दुसरीकडे शपथ वाहूच नका. एकीकडे माणूस देवाची प्रतिमा, दुसरीकडे नवसात वाहिलेल्या माणसांचे चक्क दर. त्यातही बाई स्वस्त, आणि साठीनंतर तर फारच उतरलेली. पण तिथेच एक फट होती. मुलीचा नवस बाप मोडू शकतो, मात्र ऐकेल त्याच दिवशी. गप्प बसला तर नवस कायम. बाबा तर बेशुद्ध होते! म्हणजे आज सांगितलं, की आजच ऐकलं. या आनंदात तिने बोटात सुई टोचून घेतली.

चहा देताना ती म्हणाली, "बाबा, तुम्ही तापात होतात ना, तेव्हा मी एक नवस केला होता."

"लग्न न करण्याचा. ठाऊक आहे."

"कधी कळलं?"

"तेव्हाच. डोळे उघडत नव्हते, पण ऐकू येत होतं."

"मग बोलला का नाहीत?"

बाबा चादरीची सुरकुती सरळ करत राहिले. "तू गेली असतीस, पोरी." मग म्हणाले, "आता मोडतो की. जा."

"ती मुभा त्याच दिवसापुरती होती, बाबा."

नवसाचं ओझं आपण एकटीच वाहतो, असं तिला इतकी वर्षं वाटायचं. समोर बसून जेवणाऱ्या माणसाला सगळं ठाऊक होतं, आणि हे कळल्यावर तिला कधी नव्हे इतकं एकटं वाटलं. तिने कप विसळले, शर्ट पुन्हा मांडीवर घेतला.

काचवाल्यांनी वाट पाहिली असावी. खालचं शटर त्या दिवशी बरंच उशिरा पडलं.