वजीर घेण्याआधी

मी भैयाजींच्या मोबाइलातलं बुद्धिबळाचं घड्याळ बोलतोय. पडद्याच्या एका कोपऱ्यात मावतो, पण माझ्यापुढे भल्याभल्यांची बोटं थरथरतात. सानगडी गावात मात्र मला कोणी विचारेल तर शपथ!

मला इथे आणलं कामिनीने, भैयाजींच्या सुनेने. गावतलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, भैयाजी आणि त्यांचे दोस्त दादाजी चाळीस वर्षं पट मांडून बसत. मग दादाजींना लकवा झाला, उजवा हात गेला, आणि मुलाने त्यांना नागपूरला नेलं. दोस्तांचा खेळ मोडू नये म्हणून कामिनीने दोघांच्या मोबाइलात बुद्धिबळ टाकून दिलं आणि प्रत्येकी दहा मिनिटं लावली; ज्याची आधी सरतील तो हरला. तो माझा जन्म.

दर रविवारी दुपारी डाव होतो. भैयाजी खेळतात झकास. पण पाळीवरची त्यांची एक रीत होती. समोरच्याचा वजीर चुकून मारात आला, तर त्याला विचारल्याशिवाय उचलायचा नाही. इथेही तेच! "वजीर जाऊन राहिला दादाजी, चाल मांगं घे," असं मोबाइलला सांगून बोट वर धरून बसायचे. पलीकडे आवाज जात नाही, हे कामिनीने दहादा सांगितलं. ते हो म्हणायचे आणि पुन्हा थांबायचे. तोवर मी सरून जायचो. मला थांबता येत नाही हो, काय करू? हातात आलेले अकरा डाव असे गेले.

बाराव्या रविवारी डावाआधी दादाजींचा फोन आला.

"तू मले मुद्दाम जिंकवून राहिला. माह्या हाताची कीव नोको करू. आज असंच केलं, तं आपला खेळ बंद."

भैयाजी काही सांगणार, तोवर फोन ठेवलेला. त्यांचा चेहराच उतरला.

त्या डावात माझे वीस सेकंद उरले असताना दादाजींचा वजीर मारात आला. भैयाजींचं बोट वर गेलं आणि तिथेच थांबलं. मी लाल झालो. नऊ सेकंद उरले तेव्हा भैयाजींनी ओठ घट्ट मिटून वजीर उचलला. दादाजींनी लगेच डाव सोडला.

भैयाजी जिंकले, पण ताट तसंच राहिलं. थोड्या वेळाने दादाजींचा फोन आला. स्वारी खूश होती.

"तुले न विचारता घेतला रे," भैयाजी म्हणाले. "मले जेवण नाई गेलं."

पलीकडून दादाजींनी विचारलं,

"मंजे इतके दिवस तू माह्यासाठी थांबून राहिला होता?"

"हो."

"कामिनीले सांग, अर्धा घंटा लाव. अन् वजीर दिसला का पयले फोन कर."

आता मी अर्ध्या तासाचा आहे. वजीर मारात आला की कामिनीच्या मोबाइलवरून फोन लागतो, चाल मागे घेण्यावरून दोघं मनसोक्त भांडतात, आणि मी आपला पळत राहतो. परवा अर्धा तासही पुरला नाही.

तुम्ही खेळत असाल तर माझ्याकडे लक्ष ठेवा, मी कोणासाठी थांबत नाही. फक्त मला किती मिनिटांचं लावायचं, ते समोर कोण बसलंय हे बघून ठरवा.