मरियेच्या डोळ्यांतलं तेल

"आले! अश्रू आले!"

पहिल्या बाकावरून आरोळी उठली आणि पुढच्या रांगा गुडघ्यांवर आल्या. मागे उभी असलेली माणसं बाकांवर चढली, बाकांवरची एकमेकांच्या खांद्यांवरून वाकली, आणि दाराबाहेरच्या रांगेला आतलं काही दिसत नसूनही तिनं हात जोडले. वेदीच्या डाव्या भिंतीवर मरियेचं चित्र होतं. त्याखाली मेणबत्त्यांच्या रांगा ढणाढणा जळत होत्या. आणि चित्रातल्या मरियेच्या डोळ्यांच्या कोपऱ्यांतून चकचकीत थेंब गालांवर ओघळत होते. गुलाबाचा वास दरवळला.

"बंधुभगिनींनो!" करुणाबंधूंनी दोन्ही हात वर केले. हे नाव त्यांनी स्वतःच स्वतःला ठेवलेलं. अंगरखा पांढराशुभ्र, आवाज मधात बुडवून काढलेला. "हे पाणी आहे का? नाही! हे तेल आहे का? मुळीच नाही! ही करुणा आहे! आता कोणी दीडशहाणा विचारेल, करुणेला बाटली कशाला? अरे, तुझी ओंजळ पापांनी चाळणी झालेली! करुणा गळून जाईल, म्हणून बाटली. बाटली दाराशी मिळेल. गुडघे, रक्तदाब, साखर, फिट्स, सासूसुनेची भांडणं, सगळ्यांवर एकच थेंब. आणि ज्यांच्या घरात गोळ्यांचा डबा आहे, त्यांनी मनाला विचारावं, आपण आईचे की औषधवाल्याचे?"

"आईचे!" गर्दी गरजली.

"आणि ही पाहा ती धन्य माता! जिच्या हातून हे रूप उतरलं!"

पुढच्या खुर्चीत बसलेल्या रंगताईंकडे सगळ्यांच्या नजरा वळल्या. रंगताईंना त्याचं भान नव्हतं. त्या एकटक चित्राकडे बघत होत्या. कारण लोकांना ती मरिया दिसत होती, आणि रंगताईंना त्यांची ठमी.

रंगताई शाळांचे फळे, दुकानांच्या पाट्या आणि लग्नांचे पडदे रंगवून पोट भरत. नवरा फार लवकर गेला होता. पण रोजचं काम आटोपलं की त्या स्वतःची चित्रं काढायला बसत. प्रार्थनेला बसलं की त्यांना शब्द सुचत नसत. डोळे मिटले की उद्याची बिलं आठवत. हातात ब्रश घेतला की मात्र मन जागेवर येई. "माझी प्रार्थना हातातून होते," असं त्या फादरना हसत सांगत. त्यांच्या चित्रांतले संत ढगांवर बसलेले नसत. त्यांचा पेत्र फाटक्या जाळ्याला गाठी मारत असे. त्यांचा योसेफ बोटात शिरलेलं कुसळ काढत असे. बाजारात एखादी बाई ओझं खाली ठेवून पाठ सरळ करताना दिसली की रंगताई घरी येऊन तीच बाई विहिरीकाठी उभी करत.

मरियेच्या चित्रासाठी त्यांनी लेकीला खिडकीपाशी बसवलं होतं. हातात लहानसा सदरा, सुईत दोरा. येशूच्या सदऱ्याला बटण लावणारी आई, एवढंच चित्र. पण ठमीला गप्प बसणं कधी जमलंय?

"आई, मरियेच्या नाकाला खाज सुटली तर चालेल का?"

"हलू नकोस गं."

"बघ हं, देवाच्या आईला शिंक येतेय!"

शेवटी रंगताईंनी हात टेकले आणि ओठांच्या कोपऱ्यात दाबून धरलेलं ते हसू तसंच रंगवलं. रंग पुरता वाळायच्या आत ठमीला ताप आला. डॉक्टरांनी मेंदूज्वर सांगितला, धावपळ केली, पण पोर आठवड्याच्या आत गेली. विसावं सरलेलं नव्हतं तिचं. रंगताईंनी चित्र चर्चला देऊन टाकलं आणि ब्रश धुऊन जे ठेवले, ते पुन्हा हातात घेतले नाहीत. पाट्यांचं कामही सोडलं. कोणी विचारलं तर म्हणत, "डोळे साथ देत नाहीत."

थंडीच्या सुरुवातीला करुणाबंधू आले. चित्राच्या चौकटीला वाळवी लागेल, मी स्वखर्चानं नवी करून देतो, असं फादरना म्हणाले. चित्र घेऊन गेले, जाडजूड नव्या चौकटीत बसवून परत आणलं. त्यानंतरच्या रविवारी मरिया रडली.

रंगताईंच्या नणंदबाई शाळेत रसायनशास्त्र शिकवत. पलीकडच्या गल्लीत राहत आणि रोज संध्याकाळी भावजयीकडे चहाला येत. एके दिवशी चहा निवत ठेवून त्या म्हणाल्या, "एक विचारू? रागावणार नाहीस?"

"विचारा ना, वन्सं."

"मेणबत्त्या लावायच्या आधी ती कधी रडली आहे का गं?"

रंगताईंचा चेहरा कठोर झाला. "तुम्हाला प्रत्येक गोष्टीचा प्रयोगच करायचा असतो."

"अगं, चमत्काराला आधी गरम व्हावं लागतं, एवढंच मला खटकतंय. चौकट उघडून एकदा—"

"नका उघडू." रंगताईंचा आवाज फाटला. "वन्सं, मला तिचा आवाज आठवेनासा झालाय. शब्द आठवतात, आवाज येत नाही. इतक्या दिवसांनी ती काहीतरी सांगतेय. रडून का होईना, सांगतेय. ते तरी माझ्यापासून काढून घेऊ नका."

ठमीला नणंदबाईंनीही अंगाखांद्यावर खेळवलं होतं. पुरावा मागणारी जीभ त्यांनी त्या दिवशी आवरली, आणि पुढे कितीतरी दिवस त्याचं त्यांना वाईट वाटत राहिलं.

कोपऱ्यावरची इस्त्रीवाली मात्र विचारायला आली ती रंगताईंनाच. तिचा एकुलता एक मुलगा टायरच्या दुकानात कामाला होता. लहानपणापासून त्याला फिट्स येत. गोळ्यांनी त्या ताब्यात होत्या, पण गोळ्यांनी त्याला झोप येई, मालक ओरडे.

"ताई, तुम्ही खरं सांगाल म्हणून आले," ती म्हणाली. "बंधू म्हणतात गोळ्या बंद करा, थेंब द्या. पोरगंही मागे लागलंय. काय करू?"

रंगताईंनी क्षणभर विचार केला. "माझा विश्वास आहे बाई," त्या म्हणाल्या. "माझी लेक मला खोटं कशी सांगेल?"

इस्त्रीवालीनं त्यांचे हात डोळ्यांना लावले आणि ती गेली.

मुलगा काही दिवस खूश होता. झोप येत नाही, डोकं हलकं वाटतं, असं सगळ्यांना सांगत फिरला. मग एका सकाळी कामावर निघताना त्याला जिन्यातच फिट आली आणि तो वरच्या पायरीवरून खाली गेला. डोक्याला मार लागला होता. दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

दफन झाल्यावर इस्त्रीवाली रंगताईंच्या दारात आली. रडली नाही. उंबऱ्याबाहेरच उभी राहिली.

"ताई, एवढंच विचारायचं होतं. तुमच्या लेकीनं माझ्या लेकाला का नाही हो वाचवलं? आमचं काही चुकलं का? थेंब मी रोज दिले. एक दिवस चुकवला नाही."

ती गेल्यावरही रंगताई दाराची चौकट धरून उभ्या होत्या. मग पायांत चपला सरकवून त्या तडक शाळेत गेल्या आणि मधल्या सुट्टीत नणंदबाईंना बाहेर बोलावलं.

"वन्सं, चला. चौकट उघडू."

भर दुपारी चर्च रिकामं आणि थंडगार होतं. चित्र उतरवू का, असं विचारल्यावर म्हातारे फादर चाचरले. "लोकांच्या श्रद्धेला धक्का—"

"फादर, एक पोर गेलंय," रंगताई म्हणाल्या.

फादरनी स्वतः स्टूल आणलं आणि धरून ठेवलं.

चित्र टेबलावर पालथं घातलं. नव्या चौकटीच्या मागे फळी ठोकलेली होती. नणंदबाईंनी पट्टीनं ती उचकटली. आत, बरोबर डोळ्यांच्या मागे, पत्र्याच्या दोन बारीक वाट्या चिकटवलेल्या होत्या. वाट्यांत कापसाचे बोळे, आणि बोळ्यांत पांढरी, गोठलेली चरबी. गुलाबाचा तोच वास. प्रत्येक वाटीतून दोऱ्याची एक वात निघून कॅनव्हासमध्ये शिरली होती.

"बघ," नणंदबाई हळू आवाजात म्हणाल्या. "थंडीत चरबी घट्ट राहते. खाली मेणबत्त्या पेटल्या की धग वर चढते, चरबी वितळते आणि या वातींतून पुढे झिरपते. मेणबत्त्या विझल्या की पुन्हा गोठते. झालं. एवढाच चमत्कार."

रंगताईंनी चित्र सुलटं केलं आणि खिडकीच्या उजेडात धरलं. आजवर त्यांनी ते गर्दीतून, धुरातून आणि स्वतःच्या भरल्या डोळ्यांतूनच पाहिलं होतं. डोळ्यांच्या कोपऱ्यांत सुईनं पाडलेली भोकं होती. तिथून तेलाचे ओघळ गालांवरून खाली आले होते, आणि त्यांच्या वाटेतला रंग फुगून सुटला होता. ओठाच्या कोपऱ्यात आता काही नव्हतं. नुसतं मळकट कापड.

"ती रडत नव्हती, वन्सं," रंगताई म्हणाल्या. "ती हसत होती. मी तिला हसताना काढलं होतं. आणि मीच खुर्ची टाकून समोर बसले, तो बंधू तिचं हसू पुसत असताना."

नणंदबाईंनी त्यांना जवळ घेतलं. फादर बाकावर बसून राहिले होते. ते म्हणाले, "चर्च भरलं म्हणून मी खूश होतो. देवाला या गर्दीची गरज नव्हती. मलाच होती."

"मी पोलिसांना सांगते आणि रविवारी लोकांनाही," नणंदबाई म्हणाल्या.

"पोलिसांकडे मी जातो," फादर म्हणाले.

"आणि लोकांना मी सांगेन," रंगताई म्हणाल्या. "माझ्या शब्दावर विश्वास ठेवला त्यांनी."

रविवारी करुणाबंधू आले तेव्हा चित्राच्या जागी कापडानं झाकलेली दुसरीच एक चौकट टांगलेली होती. खाली मेणबत्त्या आधीच जळत होत्या. रंगताई उभ्या होत्या, शेजारी नणंदबाई.

"हे काय?" बंधूंनी विचारलं.

"नवं चित्र," रंगताईंनी कापड ओढलं.

साध्या पुठ्ठ्यावर कोळशानं काढलेला करुणाबंधूंचाच चेहरा! तीच दाढी, तेच अर्धमिटले डोळे. ठमी गेल्यानंतर रंगताईंच्या हातानं काढलेला हा पहिला चेहरा होता. लोक कुजबुजले, कोणीतरी फिसकन हसलं. आणि तेवढ्यात पुठ्ठ्यावरच्या डोळ्यांतून थेंब ओघळले. गुलाबाचा वास सुटला.

"आता बोला, बंधू," नणंदबाई म्हणाल्या. "ही कोणाची करुणा?"

"सैतान!" बंधू ओरडले. "शंका घेणाऱ्याच्या घरात—"

"सैतानाला वाट्या आणि कापूस लागत नाही," नणंदबाईंनी पुठ्ठा पालथा केला आणि लोकांसमोर धरला. "या बघा वाट्या. ही चरबी. ही वात. तुमच्याच चौकटीतून काढून इथे लावलंय. कोणीही पुढे या, हात लावून बघा. मेणबत्त्या विझवते, थांबतं का तेही बघा."

माणसं पुढे आली. बोटं लावली, वास घेतला. विझलेल्या मेणबत्त्यांचा धूर निवळेपर्यंत ओघळ दाटून थबकले. एक म्हातारा एवढं सगळं पाहून म्हणाला, "तरीपण थोडं द्या की, वास चांगला आहे." कोणी हसलं नाही. बंधू बाजूच्या दाराकडे सरकले, पण तिथे फादरनी आणलेले पोलीस उभे होते.

गलका शमल्यावर मागच्या बाकावरून इस्त्रीवाली उठली. लोकांनी तिला वाट दिली. तिनं तो कापसाचा बोळा हातात घेतला, दाबला, बोटांवरचं तेल पाहिलं.

"बाई," तिनं नणंदबाईंना विचारलं, "म्हणजे गोळ्या चालू असत्या तर?"

नणंदबाईंनी रंगताईंकडे पाहिलं. खोटं बोलणं सोपं होतं, आणि दयाळूपणाचंही वाटलं असतं.

"बहुतेक वाचला असता," त्या म्हणाल्या.

इस्त्रीवालीनं मान हलवली. मग रंगताई तिच्यासमोर येऊन उभ्या राहिल्या.

"तू मला विचारायला आलीस आणि मी माझं दुःख तुला औषध म्हणून दिलं," त्या म्हणाल्या. "त्याची माफी मागायचीही मला लाज वाटते."

इस्त्रीवालीनं हातातला बोळा पुन्हा दाबला. रंगताई लोकांकडे वळल्या.

"देवावर विश्वास ठेवा. मीही ठेवते. पण कोणी म्हणालं की देव औषध सोडायला सांगतोय, तर त्याच्या चौकटीची मागची बाजू आधी बघा. कोण सांगतंय, काय विकतंय, हे विचारा. प्रश्न विचारल्यानं देव रागावत नाही. रागावतो तो विकणारा. आज घरी जा आणि बंद केलेल्या गोळ्या घेऊन डॉक्टरांकडे जा. आपलं माणूस गेलं की आपण कशालाही धरतो. मी धरलं. तुम्ही धरू नका. आपल्या दुःखाचा लोक धंदा करतात."

माणसं खाली मान घालून बसली होती. मग दुसऱ्या बाकावरच्या एका टॅक्सीवाल्यानं चाचपडत खिशातून रक्तदाबाच्या गोळ्यांचं पाकीट काढलं. गोळ्या घेणं सोडलं तरी सवयीनं ते खिशात राहिलं होतं. त्यानं एक गोळी तळहातावर काढली आणि ओशाळून इकडेतिकडे पाहिलं.

"जरा पाणी मिळेल का?"

इस्त्रीवालीनं बोळा खाली ठेवला. आतल्या खोलीतून तिनं पेला भरून आणला, त्याच्या हातात दिला, आणि त्यानं गोळी गिळेपर्यंत ती तिथेच उभी राहिली.