धाकटीच्या वेळी

चैत्रातल्या सकाळी आमच्या चिंचवडच्या घरात सगळ्यांच्या आधी जाग यायची ती पप्पांच्या अंगठ्याला. स्वयंपाकघराच्या खिडकीतून उन्हाची कोवळी तिरीप ओट्यावर उतरलेली असे, खाली रस्त्यावर सोनमोहराचा पिवळा सडा पडलेला असे, आणि पप्पा एखाद्या धुतलेल्या ताटाच्या कडेवरून अंगठा सावकाश फिरवत उभे असत. त्या फिरण्याला एक बारीक, कोरडा आवाज होता. निघोजेच्या कंपनीत त्यांची सारी नोकरी तपासणी विभागात गेली. मशीनवरून उतरलेल्या लोखंडाच्या कडेवर राहिलेली कुसळाएवढी धार डोळ्यांना दिसण्याआधी त्यांच्या अंगठ्याला कळायची, आणि ही सवय संध्याकाळी कंपनीच्या गेटवर सुटत नसे. ताट, दाराची चौकट, वह्यांचे पुठ्ठे, प्रगतिपुस्तक, कशाचीही सुटका नव्हती. काही खडबडीत लागलं की ते बोलत नसत, नुसता अंगठा थांबे. तो थांबला की आम्ही दोघी बहिणीही जागच्या जागी थांबत असू.

दोघी म्हणते खरी, पण थांबायचे मीच. प्रज्ञा, माझ्याहून सात वर्षांनी धाकटी, ती तो थांबलेला अंगठा मुठीत पकडून हसायची, आणि पप्पाही हसायचे. हे हसणं माझ्या वाट्याला कधी आलं नाही. तिला ते 'माय' म्हणत, लातूरकडच्या त्यांच्या गावात लाडक्या लेकीला म्हणतात तसं. मला 'सुजाता', पूर्ण, स्वच्छ, हजेरीपटावर लिहावं तसं. मला हे लहानपणापासून खुपत आलंय आणि मी ते लपवून ठेवण्यात कधी वेळ घालवलेला नाही.

पप्पांच्या ताठ मानेमागे एक जुनं दुखणं होतं. गावाकडून आयटीआय करून ते या कारखान्यांच्या पट्ट्यात आले तेव्हा मशीनवर हात बसायच्या आत त्यांच्या पाठीमागे एक शब्द बसला होता, 'सवलतीवाला'. आम्ही बौद्ध. त्या काळी कुणी तोंडावर बोलत, कुणी चहाच्या टपरीवर पाठ वळल्यावर. पप्पांनी भांडण केलं नाही, तक्रार केली नाही. फक्त तेव्हापासून कुणाकडे काही मागणंच सोडून दिलं. बसमध्ये सरकून जागा द्या म्हणायचं नाही, दुकानात चार रुपये कमी करा म्हणायचं नाही, लग्नाच्या पंगतीत जिलेबी दुसऱ्यांदा वाढा म्हणायचं नाही. जिलेबीचं तर आईला फार वाईट वाटे, कारण त्यांना ती जीव की प्राण. कंपनीत माल मापात जरासा चुकला, तर मोठे साहेब कधीकधी सही करून तो या खेपेपुरता चालवून घेतात. त्याला तिथे 'डेव्हिएशन' म्हणतात. हा शब्द पप्पांच्या तोंडून घरी निघायचा तो शिवीसारखा. विहारात रविवारच्या वंदनेला जाताना घालायचा पांढरा सदरा जसा डागाशिवाय, तसंच आयुष्यही असावं असा त्यांचा हट्ट होता, आणि या हट्टाची इस्त्री आमच्या घरात सगळ्यात जास्त माझ्यावर फिरली. थोरली होते ना मी.

माझं कॉलेजचं दुसरं वर्ष चालू होतं तेव्हा आईच्या पोटाचं ऑपरेशन झालं. प्रज्ञा शाळेत, पप्पांच्या शिफ्ट, मग दवाखान्यात आईच्या उशाशी कोण बसणार? मी बसले. सलाइनच्या थेंबांकडे बघत मी त्या वॉर्डातला पावसाळा संपवला, आणि कॉलेजात परतले तेव्हा हजेरीत कमी पडलेल्यांची यादी नोटीस बोर्डावर लागलेली होती. पंचाहत्तर टक्के हजेरी नसेल तर टर्म ग्रँट नाही, आणि टर्म ग्रँट नाही तर परीक्षेला बसता येत नाही. आमच्या बाई भल्या होत्या. त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, ''अगं, वडिलांना घेऊन ये. दवाखान्याचे कागद दाखवा, प्राचार्यांना एक विनंती करा. तुझं कारण खरं आहे, सर ऐकतील.'' केवढी सोपी गोष्ट होती. वडिलांना घेऊन ये.

मी घरी येऊन सांगितलं. पप्पा दुसऱ्या शिफ्टला निघाले होते, पायात बूट घालत खाली वाकलेले.

''नियम कितीचा?''

''पंचाहत्तरचा.''

''तुझी भरली?''

''नाही.''

''मग?''

एवढंच. 'मग?' त्यांनी वर बघितलंही नाही. नाड्या बांधल्या, डबा घेतला, आणि ते जिना उतरून गेले. त्या एका शब्दात माझं वर्ष बुडालं. आई अंथरुणातून म्हणत राहिली, ''अहो, जाऊन तरी या एकदा,'' पण तिचा आवाज तेव्हा दारापर्यंत पोचण्याइतकाही उरला नव्हता. माझ्या मैत्रिणी पुढच्या वर्गात गेल्या. मी वर्षभर सांगवीतल्या एका ऑफिसात फोन उचलत राहिले, आणि बसमध्ये त्या भेटल्या की खिडकीबाहेर बघायला शिकले. पुढे पदवी झाली, चाकणमध्ये नोकरीही लागली, कुणी विचारत नाही आता. पण ते वर्ष माझ्याकडून गेलं ते गेलंच. आणि त्याबद्दल मी पप्पांवर रागावले नव्हते, हे मला इथे सांगायला हवं. मला त्यांचा अभिमानच वाटत होता. सगळ्यांना सारखाच कडक असणारा बाप आहे आपला, असं मी स्वतःला समजावलं होतं, आणि त्या समजुतीवर सात वर्षं बरी काढली होती.

मग प्रज्ञा कॉलेजात गेली. ही मुलगी जन्माला आली तीच मागत. भाजीवालीकडून कोथिंबीर, शिक्षकांकडून मुदतवाढ, रिक्षावाल्याकडून पुढच्या कोपऱ्यापर्यंत, माझ्याकडून माझे कानातले. मान थोडी तिरकी करून, ओठ दुमडून, ''प्लीज ना'' म्हणाली की समोरचा विरघळायचा. त्या वर्षी तिला नाटकाचं वेड लागलं. एकांकिका स्पर्धेसाठी सकाळपासून तालमी. वर्ग तिकडे, ही इकडे, कॉलेजच्या मागच्या शेडमध्ये मोठमोठ्यानं रडण्याचा सराव करत. नाटकाच्या सरांची लेखी परवानगी काढायची असते हे बाईसाहेबांच्या गावीही नव्हतं. एप्रिलमध्ये यादी लागली आणि तिचं नाव तीत ठळक होतं. त्या संध्याकाळी ती स्वयंपाकघरात बसून रडली, आणि या खेपेला सराव नव्हता.

मी कणीक मळत होते. खोटं कशाला सांगू, मला आतून एक गार, गोड समाधान वाटत होतं. माझ्या वेळी आईचं ऑपरेशन होतं. हिच्या वेळी काय, तर नाटक! पप्पा दारात येऊन उभे राहिले, मागून मावळतीचं तांबूस ऊन, त्यामुळे चेहरा दिसत नव्हता. प्रज्ञानं हुंदके देत सगळं सांगितलं. मी त्या एका शब्दाची वाट बघत होते. परातीत माझे हात थांबले होते.

''कधी जायचं भेटायला?'' पप्पा म्हणाले.

मला आधी वाटलं, मी नीट ऐकलं नाही. मग ते माझ्याकडे वळून म्हणाले, ''सुजाता, तू पण चल. तुला कॉलेजातलं बोलता येतं. मला न्हाई जमायचं एकट्याला.''

दुसऱ्या दिवशी मी रजा काढून गेले. का गेले? बघायला गेले. ज्या माणसानं आयुष्यात कुणाला 'जरा सरका' म्हटलं नाही, तो धाकटीसाठी कसा वाकतो, हे मला माझ्या डोळ्यांनी बघायचं होतं. दुखऱ्या दातावरून जीभ फिरवावी तसं. प्राचार्यांच्या खोलीबाहेरच्या लांब, उन्हानं तापलेल्या व्हरांड्यात पालकांची रांग होती. ती मंडळी मागण्यात तरबेज होती: एक जण कुणा नगरसेवकाला फोन लावत होता, एक बाई शिपायाशी गावाकडची ओळख काढत होती. पप्पा त्यांच्यात पांढरा सदरा घालून, हात शरीराला चिकटवून उभे होते. मागायला आलेल्या माणसानं उभं कसं राहायचं हेच त्यांना ठाऊक नव्हतं. भिंतीला टेकणं त्यांना उद्धटपणाचं वाटत होतं आणि बाकावर बसणं हक्काचं. रिटायर व्हायला आलेला तो उंच माणूस त्या व्हरांड्यात मला एकदम आखूड दिसला, आणि माझ्या मनात आलं, माझ्यासाठी हे एकदा तरी का नाही आखूड झाले?

प्राचार्य मॅडम होत्या, बोलायला मऊ आणि नियमाला पक्क्या. त्यांनी प्रज्ञाचं नाव यादीत बघितलं आणि चष्मा काढला.

''आजारपण असतं तर मी विचार केला असता. स्पर्धेसाठी आधी परवानगी घ्यावी लागते. हिला दिली तर उद्या सगळेच येतील माझ्याकडे. कारण काय सांगू मी त्यांना?''

प्रज्ञा मान तिरकी करायलाही विसरली. पंख्याखाली टेबलावरचे कागद उगाच हलत होते, आणि मला वाटलं, संपलं, आता पप्पा 'बरं' म्हणून उठतील. ते उठले नाहीत. त्यांनी माझ्याकडे बोट केलं.

''मॅडम, ही माझी थोरली. हिचं बी असंच झालं होतं, दुसऱ्या कॉलेजात. हिची आई दवाखान्यात होती, ही तिच्यापाशी बसून होती. कारण खरं होतं हिचं. हिच्या बाईंनी निरोप धाडला, या म्हणून. म्या गेलो न्हाई.'' त्यांनी टेबलाच्या कडेवरून अंगठा फिरवला. ''मला वाटलं, मागितलं तर लोक म्हणतील, घेतली सवलत. माझ्या ताठ्यापायी लेकराचं वर्ष गेलं, मॅडम. धाकटीचं कारण तेवढं खरं न्हाई, मला कळतंय. पण दुसरं वर्ष न्हाई बघवायचं मला.''

मॅडमनी माझ्याकडे बघितलं. ''खरं आहे का हे?''

''हो,'' मी म्हणाले.

''मग तुम्हीच सांगा. तुम्ही भोगलंय ते वर्ष. हिला द्यावी का सूट?''

त्या क्षणाला मला काय काय वाटलं ते सगळं लिहिते. मला वाटलं, देऊ नका. मला वाटलं, हे माझं वर्ष आहे, माझ्या सलाइनचं, माझ्या बसच्या खिडकीचं. ते माझं एकटीचं होतं, आणि आता तेही हिला. माझे कानातले मागून नेले तसं ही माझं दुःखही घालून मिरवणार. एवढा जळफळाट मी आयुष्यात कधी अनुभवलेला नाही. मी पप्पांकडे बघितलं. ते मॅडमकडे बघत नव्हते. ते माझ्याकडे बघत होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर बाहेरच्या रांगेतल्या माणसांचा तो भाव होता, जो त्यांना व्हरांड्यात तासभर उभं राहून जमला नव्हता. प्रज्ञा खाली बघून रडत होती, तिला यातलं काही दिसलं नाही. पप्पा मागत होते, माझ्याकडे. मला कळलं की ते मॅडमकडे मागायला आलेलेच नाहीत.

''द्या,'' मी म्हणाले.

मॅडमनी हमीपत्र लिहून घेतलं, उन्हाळाभर जादा वर्गांना बसायची अट घातली, आणि प्रज्ञाची टर्म ग्रँट झाली. बाहेर आल्यावर ती पप्पांच्या गळ्यात पडली. मी थोडी मागे राहिले आणि चपलेचा पट्टा नीट करत बसले, जो नीटच होता. घरी येताना पप्पा रस्त्यात थांबले, मला काही बोलणार असं वाटलं. पण ते मिठाईच्या दुकानात शिरले आणि अर्धा किलो जिलेबी घेऊन आले. वर माझ्याच हातात दिली. मी ती घरी येईपर्यंत धरून ठेवली आणि एकही खाल्ली नाही.

प्रज्ञा आता पदवीधर आहे, एका कंपनीत बऱ्या पगारावर आहे, अजूनही मागते आणि अजूनही तिला मिळतं. पप्पा रिटायर झालेत. ते मला फोन करतात, रोज, त्यांची जुनी शिफ्ट सुटायच्या सुमाराला, आणि 'जेवलीस का' याच्या पलीकडे दोघांनाही काही सुचत नाही. मी त्यांना माफ केलं का, असं कुणी विचारलं तर हो, केव्हाच. प्रज्ञाला केलं का, असं विचारलं तर मला विचार करावा लागेल. कधी दुपारी चाकणच्या ऑफिसात काम थंडावलं की मी डोळे मिटून माझ्या त्या जुन्या कॉलेजच्या व्हरांड्यात जाऊन उभी राहते आणि पप्पांना तिथे आणायचा प्रयत्न करते, पांढऱ्या सदऱ्यात, माझ्या शेजारी, माझ्यासाठी अवघडून उभे असलेले. ते येतातही, पण आठवण कुणाला सूट देत नाही, त्यामुळे ते येतात ते सात वर्षं उशिरा, आणि दर वेळी त्यांच्या हातात प्रज्ञाचा हात असतो.