हळदीच्या रानातली स्टुलं

सांगलीत भरतेशच्या अ‍ॅनिमेशन स्टुडिओत माणसं तयार मिळत. कॉम्प्युटरवर एक कळ दाबली की बाई किंवा गडी, जे हवं ते, दोन्ही हात आडवे पसरून उभं राहायचं. शिंप्यानं माप घ्यायला उभं केल्यासारखं. अशा तयार माणसाला सगळे डिफॉल्ट म्हणत. मग भाग्यश्रीनं त्यांचे हात खाली घ्यायचे, माना वळवायच्या, गुडघे दुमडायचे आणि त्यांना कामाला लावायचं.

कुठल्या सांध्यानं किती वाकायचं हे सॉफ्टवेअरनंच ठरवून दिलेलं होतं. त्यापलीकडं जायचं तर कुलूप काढावं लागे, आणि त्याला भरतेशची सक्त मनाई होती. मागं एकानं ते काढलं, तेव्हा एका पतसंस्थेच्या फिल्ममध्ये चेअरमन नमस्कार करताना कोपरातून उलटे फिरले होते. सभासदांसमोर.

अशात हळदीचं बियाणं विकणाऱ्या कंपनीची फिल्म आली. रानात बायका तण काढताहेत, भांगलण करताहेत, एवढंच दाखवायचं होतं. भाग्यश्री पलूसची. तिनं पहिली बाई घेतली आणि हातात खुरपं देऊन उकिडवी बसवायला लागली. गुडघा अर्ध्यात अडला. टाचा उचलल्या गेल्या. खालची खुर्ची कुणी काढून घ्यावी तशी बाई अधांतरी राहिली. आणखी दाबलं तर गुडघे लालभडक झाले आणि पडद्यावर सूचना आली : ही स्थिती मानवी मर्यादेबाहेर आहे.

"सर, कुलूप काढते."

"अजिबात न्हाई. स्टूल दे तिला."

"भांगलायला स्टूल?"

"बुटकं दे. कोण बघतंय."

स्टूल दिलं. पण भांगलण म्हणजे पुढं सरकणं आलं. बाई सरकली, स्टूल मागंच राहिलं. तेव्हा शेजारच्या टेबलावरच्या शिवतेजनं स्टूल उचलून पुढं ठेवणारा एक गडी वाढवला. प्रत्येक बाईला एक गडी. गड्यांच्या कमरा वाकताना अडायला लागल्या, म्हणून स्टुलांना छातीपर्यंत उंच दांडे आले. भरतेशनं लांबून पाहिलं.

"बेस्ट. रोजगार बी वाढल्यागत दिसतोय."

भाग्यश्रीला हसू आलं नाही. फिल्म गावोगाव दाखवणार होते, पलूसलाही. तिची आई जन्मभर हळदीच्या सरीत उकिडवी बसत आली होती. तिला पडद्यावर आपल्या जागी स्टुलावरची बाई दिसणार, मागं दांडा धरलेला गडी, आणि शेवटी लेकीचं नाव.

"ही फिल्म मी न्हाई देणार."

"मग शिवतेज दील. आन् उद्यापासनं तुझ्या खुर्चीवर बी त्योच बसंल."

"बसू दे. आज मी हाय."

तिनं कुलूप काढलं, गडी पुसले, स्टुलं पुसली आणि सगळ्या बायका टाचा टेकवून सरीत बसवल्या.

दुपारी कंपनीचे शौनक साताऱ्याहून फिल्म बघायला आले. पडद्यावर लाल गुडघ्यांच्या बायका निवांत भांगलत होत्या.

"हे लाल काय आहे?"

"चूक झाली, साहेब," भरतेश घाईनं म्हणाला. "सॉफ्टवेअर सांगतंय, माणसाला आसं बसता येत न्हाई. उद्या स्टुलं लावून देतो."

"मग माझी आई माणसांत धरू नका," भाग्यश्री म्हणाली. ती खुर्चीवरून उतरली आणि भरतेशच्या टेबलासमोर फरशीवर उकिडवी बसली. "मीबी बसले. आता माझं काय मोडलं ते दाखवा. तवर उठत न्हाई."

"आगं, साहेबांम्होरं काय ह्ये!"

चहा आला. तिनं तो खालीच घेतला. टेबलापलीकडून भरतेशला तिचा फक्त भांग दिसत होता, आणि भांगाशी भांडणं अवघड जातं. शौनक बराच वेळ तिच्या टाचांकडे बघत होते. मग त्यांनी पँट गुडघ्यापाशी वर ओढली आणि स्वतः बसून पाहिलं. अर्ध्यात अडले. टाचा उचलल्या, तोल गेला, टेबलाचा पाय हाती लागला म्हणून बरं.

"मला का जमत नाही?"

"तुमी डिफॉल्ट हाय, साहेब," भाग्यश्री खालूनच म्हणाली.

शिवतेजला ठसका लागला. शौनक कपडे झटकत उठले.

"पण ते लाल?"

"ते निस्तं आमाला दिसतं," ती म्हणाली. "फिल्ममधी येत न्हाई."

"मग राहू द्या बायका. आणि स्टुलं कुठं लावू नका."

ते गेल्यावरच भाग्यश्री उठली. काम जतन करताना सॉफ्टवेअरनं विचारलं : हीच मर्यादा आणि हीच बैठक यापुढे प्रत्येक नव्या माणसाला द्यायची? तिनं भरतेशला विचारलं नाही. 'हो' दाबलं.

पुढच्या आठवड्यात भरतेशनं मिरजेतल्या एका बंगल्यांच्या जाहिरातीसाठी कळ दाबली. कोट-टाय घातलेला साहेब पडद्याच्या मधोमध प्रकटला, टाचा टेकवून, उकिडवा.

"भाग्यश्री! ह्याला आधी उठीव!"

"तुमीच उठवा की, सर," ती आपल्या खुर्चीतून म्हणाली. "कुलूप न्हाई त्याला."