नऊ सेकंदांचा खोळंबा

ताईच्या घशाची शस्त्रक्रिया अकरा वाजता होती. त्यानंतर तिला कधीच बोलता येणार नव्हतं. म्हणून धाकट्या भावाने एक ॲप केलं होतं. ताईने फोनवर वाक्यं वाचायची, ॲपने ती दूरच्या संगणकाकडे पाठवायची. दीडशे जमली की पुढे तो संगणक तिच्या आवाजात बोलणार. आठवडाभर खपून ताईने दीडशे पुरी केली होती.

सकाळी दहाला, वॉर्डात, भावाने आकडा पाहिला. पोचली होती एकेचाळीस.

चूक लगेच कळली. पाठवण्याचं काम त्याने मागे, वेगळ्या थ्रेडवर, म्हणजे ॲपच्या पडद्याआड चालणाऱ्या कामाच्या धाग्यावर, ठेवलं होतं. ताईला न थांबता पुढचं वाक्य वाचता यावं म्हणून. पण ॲप बंद झालं की असा थ्रेड हातातलं काम टाकून संपतो, आणि न पोचलेलं वाक्यही त्याच्याबरोबर पुसलं जातं. तपासताना भावाच्या टेबलावर ॲप कायम उघडं असायचं. ताई मात्र शाळेतली बाई. वापरून झालं की आवरून ठेवायचं. चार वाक्यं वाचली की ती ॲप नीट बंद करायची.

"तुझ्या थ्रेडला बाकावर उभं केलं असतं मी," ती घोगऱ्या आवाजात म्हणाली.

काम फोनच्याच कामांच्या यादीत नोंदवलं, तर ॲप बंद झाल्यावरही फोन ते सवडीने पुरं करतो. पण ते लिहायला अर्धा तास, आणि तपासायला वेळ नाही. दुसरा मार्ग नवशिक्यालाही करू नको म्हणून सांगतात: मागचं काम पुढेच आणायचं. वाक्य पोचेपर्यंत सगळं ॲप गोठणार, नऊ सेकंद. पण पोचल्याची खात्री.

त्याने तेच केलं. दहा मिनिटं त्यातच गेली.

मग एक वाक्य, नऊ सेकंद. पुन्हा वाक्य. ताईचा घसा मध्येच धरायचा, मग थांबायचं; शस्त्रक्रियेआधी पाणी चालत नव्हतं. नर्स स्ट्रेचर घेऊन आली तेव्हा आकडा एकशे बारावर होता. त्याने हात जोडले. तिने दोन मिनिटं दिली.

एकशे अठरावं वाक्य झालं, ॲप गोठलं. तेवढ्यात ताई म्हणाली, "भावड्या, सकाळपासून उपाशी आहेस. खाऊन घे आधी."

माइक बंद होता. त्याने घाईघाईने खूण केली, थांब, आता परत म्हण.

ॲप मोकळं झालं. ताईने तोंड उघडलं. नुसती हवा आली.

नर्सने स्ट्रेचर वळवला.