पहिल्या ओळीत होकार

कार्यालयीन पत्रलेखनाच्या उजळणी वर्गाला बसायचं, असा निरोप आला तेव्हा रोहिणीला मनातून जरा लागलंच. नगरच्या एमआयडीसीतल्या त्या डेअरीची पत्रं इतकी वर्षं तीच लिहीत आली होती. तिच्या पत्रानं कुणाचं मन दुखावत नाही, असं वैजनाथ साहेब चारचौघांत सांगत. सकाळी देवापुढं बसताना जी हळुवार भाषा तोंडी येई, तीच ती कागदावरही आणी. आता यात उजळायचं काय राहिलं होतं?

शिकवायला श्रीरामपूरहून मारिया मॅडम आल्या होत्या. प्रत्येकानं आपलंच एखादं पत्र समोर घ्यावं, असं त्यांनी सांगितलं. रोहिणीनं राजूरच्या वरच्या अंगाला असलेल्या एका वाडीला आपण पाठवलेलं पत्र काढलं. तिथल्या बायकांच्या गटानं दूध थंड ठेवायची टाकी मागितली होती. टाकी नसल्यानं संध्याकाळचं दूध सकाळच्या टेम्पोपर्यंत टिकायचं नाही, मिळेल त्या भावानं हॉटेलवाल्याला घालावं लागायचं. टाकी मंजूर झाली होती. गटानं ठराव करून होकार तेवढा कळवायचा होता आणि मुदत नेमकी आज संध्याकाळी संपत होती. वाडीकडून मात्र काहीच आलं नव्हतं. उद्या टाकी दुसऱ्या गावाला जाणार. नको असेल त्यांना, अशी रोहिणीनं आपल्या मनाची समजूत घातली होती.

मारिया मॅडमनी पत्र सावकाश वाचलं. नावं ठेवली नाहीत. एवढंच विचारलं, "यातून त्यांना काय कळलं, हे विचारलंत कधी त्यांना?"

विचारलं नव्हतं. त्या दिवशी रोहिणीचा उपास होता. जेवणाच्या सुट्टीत बाकीचे डबे उघडून बसले, तशी ती फोन घेऊन जिन्यात आली. गटाच्या अध्यक्ष गोजरबाईंना तिनं फोन लावला. दोनदा रेंज तुटली, मग त्यांचा आवाज आला.

"पत्र आलं की. तुमी न्हाई म्हणलात, आमी गप बसलो."

"नाही कुठं म्हटलंय, मावशी?"

"सुरवातीलाच आभार मानलंत ना. हापिसातनं आभाराचा कागद आला का समजायचं, काम हुनार न्हाई. रस्त्याच्या येळंला तसंच, नळाच्या येळंला तसंच. फुडं कोन वाचत बसतंय?"

रोहिणीला आपलं पत्र डोळ्यांपुढं दिसायला लागलं. आधी आभार, मग गटाच्या कामाचं कौतुक, मग नियम, मग अटी, आणि होकार पार दुसऱ्या पानाच्या तळाशी. चांगलं वाटावं म्हणून जे जे वर ठेवलं, त्याच्याखाली टाकी दबून गेली होती.

"मावशी, टाकी मंजूर झालीय तुमची."

गोजरबाई म्हणाल्या, "तोंडी नगं बाई. तोंडी लई ऐकलंय आमी. कागदावर दे, म्हंजी बायका सह्या करत्याल."

वर्गात येऊन रोहिणी लिहायला बसली. 'तुमच्या गटाला टाकी मंजूर झाली आहे. ती हवी असल्यास आज पाच वाजेपर्यंत ठरावाचा फोटो पाठवा.' त्याखाली दोन अटी, आणि शेवटी नमस्कार. कागद घेऊन ती थेट साहेबांकडं गेली.

साहेबांनी तो उलटून पाहिला. मागं काहीच नव्हतं. "ताई, हे पत्र आहे का तार? बरं दिसेल का असं?"

एरवी ती "बरं साहेब" म्हणून माघारी वळली असती. आजही आवाज चढला नाही, पण पाय हलले नाहीत. "साहेब, बरं दिसणारं पत्र त्यांनी अर्ध्यातच सोडलं. आज मुदत संपतीय."

साहेब जरा घुटमळले. वर बारीक अक्षरात जावक क्रमांक तेवढा टाका म्हणाले, आणि सही केली.

गोजरबाईंच्या सुनेच्या मोबाईलवर त्या पत्राचा फोटो गेला. त्यानंतर मारिया मॅडमनी काय शिकवलं, ते रोहिणीच्या कानांवरून गेलं. ती मनातल्या मनात नामस्मरण करत राहिली आणि मधून मधून फोनकडं बघत राहिली. चार वाजून गेले. मग फोटो आला. ठरावाच्या खाली वाकड्यातिकड्या सह्या, काही अंगठे, एका कोपऱ्यावर हळदीचं बोट लागलेलं. तिनं तो तिथल्या तिथं साहेबांना पाठवला. 'मिळाला. टाकी वाडीलाच,' असं उत्तर आलं.

तेवढ्यात फोन वाजला. रोहिणीनं घाईनं उचलला. पलीकडं चार-पाच बायका एकदमच बोलत होत्या, त्यांच्यावरून गोजरबाईंचा आवाज.

"टाकीची गाडी वळायला जागा किती लागंल? आमच्या पोराला, भीमाला, करवंदीची जाळी तोडाय लावलाय, आन् त्यो म्हनतोय कुठवर तोडू."

रोहिणीनं मॅडमकडं पाहिलं. मॅडमनी हसून दाराकडं हात केला.

"त्याला जरा थांबवा, मावशी," रोहिणी उठत म्हणाली, "गाडीवाल्यांनाच विचारून सांगते." आणि ती भराभर जिना उतरायला लागली.